भांगचं तेल

हे गेले त्यानंतरच्या हिवाळ्यात अक्कांचा उजवा खांदा धरला. अक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्न होऊन त्या खानदेशातून सुरतला आल्या, त्यांच्या मागोमाग नोकरीसाठी हे आले आणि ह्यांच्यामुळे मी. यजमान गेल्यावर अक्का पांडेसऱ्याला आमच्याकडे राहायला आल्या, त्या राहिल्याच. त्यांचा मुलगा कामरेजच्या बाजूला नव्या सोसायटीत राहतो. तिथे अक्कांचे मन रमत नाही. “तिथं बोलायचं कोणाशी? लोक लिफ्टमधून उतरतात न् दार लावून घेतात,” असे त्या म्हणतात.

घरात आम्ही तिघे होतो, दोघी उरलो.

खांदा धरला तेव्हा अक्कांनी पहिले काही दिवस कुणाला सांगितले नाही. डाव्या हाताने भाकरी थापायला लागल्या तेव्हा माझ्या लक्षात आले. हात छातीपर्यंत यायचा, त्यापुढे नाही. जेवण जमत होते, नळ सोडता येत होता, पण केस विंचरता येत नव्हते. मग सकाळी चहा झाला की मागच्या ओट्यावर त्या पाटावर बसायच्या आणि मी त्यांच्यामागे स्टुलावर. त्या वेळी ऊन नुकते भिंतीवरून खाली उतरलेले असते. पलीकडच्या प्रोसेसिंग मिलची वाफ वर जात असते आणि वारा आमच्या बाजूला असला तर ओल्या रंगाचा वास येतो. हे त्याच मिलच्या रंगखात्यात होते. आज कुठला रंग चालू होता ते मला संध्याकाळी त्यांच्या नखांवरून कळायचे. तो वास आला की दोघींनाही हे आठवायचे. त्यांचा भाऊ, माझा नवरा. दुःख एकच होते आणि ते विंचरता विंचरता थोडे मोकळे व्हायचे.

मला ते काम आवडत होते. अक्कांना मुळीच आवडत नव्हते.

“हळू वं मास्तरीण! मी काय तुझ्या शाळेतली पोर शे का?”

मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवत असे, म्हणून लग्नापासून त्या मला मास्तरीणच म्हणतात. माझे माहेर वऱ्हाडातले. त्यांची अहिराणी मला सुरुवातीला कळायची नाही, त्यामुळे माझ्याशी बोलताना त्या अर्धी अहिराणी आणि अर्धी माझी भाषा अशी मिसळ करतात. रागावल्या की मात्र मिसळ राहत नाही.

भाचा दर रविवारी यायचा. मुलगा गुणाचा आहे. येताना गरम लोचो, इथला डाळीचा मऊ वाफवलेला पदार्थ, घेऊन येतो, वरून शेव आणि तेल जास्त घालून, कारण आईला तसाच आवडतो हे त्याला ठाऊक आहे. पण त्या हिवाळ्यात तो लोच्याबरोबर एक वाक्यही घेऊन यायला लागला.

“आई, तुझं तुला होत नाही. मामीचंपण वय झालंय. ती तुझं किती करणार? चल ना घरी.”

“मना घरीच तर शे मी,” अक्का म्हणायच्या.

शेवटी त्याने मुदत घातली. पाडव्यापर्यंत हात डोक्यापर्यंत गेला तर राहा, नाही तर मी गाडी घेऊन येतो. त्याचे चुकत होते असे मी म्हणणार नाही. उद्या न्हाणीघरात पाय घसरला तर मी एकटी त्यांना कशी उचलणार होते? माझ्या स्वतःच्या बोटांची पेरे सुजलेली, सकाळी पुस्तक धरायचे तर आधी गरम पेल्याभोवती बोटे शेकून घ्यावी लागत. तरीही तो असे म्हणाला की मी उठून ताटल्या विसळायला जायची. मी वाचणारी बाई, मला एकटेपणाची सवय आहे, असे सगळ्यांना वाटते. ते खरे नाही. वाचायलाही घरात दुसरे माणूस हलत असावे लागते. स्वयंपाकघरात डबा उघडल्याचा आवाज, कुणाचे तरी स्वतःशी पुटपुटणे, हे असले की पान पुढे सरकते. हे गेल्यावर जे काही पुस्तक मी पुरे करू शकले ते अक्कांच्या पुटपुटण्यावर.

व्यायाम शिकवणारी एक मुलगी आमच्या भागात आहे. तिने अक्कांना भिंतीसमोर उभे केले आणि सांगितले, बोटे भिंतीवरून हळूहळू वर चालवत न्यायची, रोज थोडी जास्त. अक्कांनी एकदा केले. दुसऱ्या दिवशी त्यांना भिंतीकडे तोंड करून उभे राहायचीच लाज वाटली.

“मी पाल शे का, भिंतीवर चढायला?”

तो विषय तिथे संपला.

मग भाचेसुनेने तेलाची गोष्ट काढली. ही मुलगी सुरतचीच. आईवडील धुळ्याकडचे, पण हिचा जन्म उधन्यातला आणि शाळा गुजराती. मराठी बोलते ती गोड, फक्त मध्येच गाडीने रूळ बदलावा तशी गुजरातीवर जाते. तिच्या ऑफिसातल्या एका बाईच्या वडिलांना गुडघ्यांसाठी एक तेल दिले होते, त्यांना झोपही चांगली लागत होती. “सीबीडी म्हणतात मामी. नशा नाही येत त्याच्यात. वैद्याच्या चिठ्ठीशिवाय देत पण नाय.” ती ते मला मोरीपाशी नेऊन हळू आवाजात सांगत होती, कारण तेल ज्या झाडाचे होते त्याचे नाव अक्कांसमोर घ्यायची तिला भीती होती. अक्कांना नशा या गोष्टीचाच तिटकारा. शेजारच्या लग्नात कुणी थोडी घेऊन आला असे नुसते कळले तरी त्या जेवणाच्या पंगतीतून उठतात. “दारूबंदीच्या राज्यात राहायचं न् असं वागायचं!” हे त्यांचे ठरलेले वाक्य.

तरी आम्ही तिघी रिक्षाने वैद्यांकडे गेलो. म्हातारे, शांत गृहस्थ. त्यांनी अक्कांचा खांदा सगळ्या बाजूंनी दाबून पाहिला, माझी बोटे पाहिली, आम्ही रक्तदाबाच्या कोणत्या गोळ्या घेतो ते विचारले आणि त्या देणाऱ्या डॉक्टरांनाही या तेलाबद्दल सांगा असे बजावले. विजया तेल देतो म्हणाले, ते त्या झाडाचे आयुर्वेदातले नाव. “दुखणं थोडं कमी होईल, झोप लागेल. वय काही परत जाणार नाही. आणि बेन, हात मात्र हलता ठेवा, नुसत्या तेलाने काही होत नाही.” अक्कांनी मान डोलावली आणि चपला घालायला बाहेर गेल्या. दोन थेंब जिभेखाली धरायचे, लगेच गिळायचे नाहीत, ही सगळी समज वैद्यांनी नंतर आम्हा दोघींना दिली, तेव्हा अक्का बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. दोन बाटल्या मिळाल्या, एक त्यांची, एक माझी.

परत येताना रिक्षात अक्कांनी विचारले, “कसलं तेल दिलं ते?”

सुनेने एकदा माझ्याकडे पाहिले. रिक्षा उड्डाणपुलावर होती, शेजारून कापडाच्या ताग्यांनी भरलेला टेम्पो चालला होता, कुणाचे कुणाला धड ऐकू येत नव्हते. ती धीर करून ओरडली, “भांगचं तेल, आई! रोज दोन टिपे!”

मी अक्कांच्या तोंडाकडे बघत राहिले. आता रिक्षा थांबवायला सांगतात की काय असे मला वाटले. त्या नुसते “हं” म्हणाल्या आणि बाटली पदराला बांधली.

मला तेव्हा नवल वाटले होते. दुसरीही एक गोष्ट खटकली होती, ती शिक्षिकेच्या कानाला. भांगचं नव्हे, भांगेचं. ती भांग, भांगेचं. आणि तो भांग, भांगाचा. कित्येक वर्षे मी फळ्यावर हे शब्द शेजारी शेजारी लिहीत आले: लिंग बदलले की सामान्यरूप बदलते, सामान्यरूप बदलले की अर्थ बदलतो. आमच्या सुरतच्या मुलांच्या बोलण्यातून सामान्यरूप हळूहळू निघूनच चालले आहे, गुजरातीत त्याची गरज पडत नाही म्हणून. पण निवृत्त झाल्यावर रिक्षात बसून कुणाचे व्याकरण सुधारू नये एवढे मी शिकले आहे.

घरी आल्यावर तेल कसे घ्यायचे ते सांगायला गेले, तर अक्कांनी हात झटकला, डावा. “मले समजस. तेल कसं लावतात ते तू मला शिकवशील?” लावतात हा शब्द मी ऐकला आणि सोडून दिला. बोलताना माणूस काहीही म्हणते.

माझी बाटली मी रीतसर सुरू केली. सोबतचा कागद भिंग घेऊन शेवटपर्यंत वाचला. चव म्हणाल तर कापलेल्या गवतावर रात्रभर दव पडावे आणि सकाळी कुणीतरी ते आपल्याला चावायला द्यावे तशी. संध्याकाळी दिवा लावून झाला की मी खुर्चीत बसून दोन थेंब जिभेखाली धरायची आणि तोंड मिटून खिडकीबाहेर बघत बसायची. त्याने चमत्कार झाला नाही. पण काही आठवड्यांनी सकाळी पेला शेकायला घ्यायच्या आधीच बोटे उघडलेली असायची, कधी कधी. झोपेचेही तसेच. आधी पाठ टेकली की ह्यांच्या आजारातले सगळे प्रसंग ओळीने समोर यायचे, मी कुठे काय करायला हवे होते ते सगळे. आता ते येत, पण घाईत नसत, आणि त्यातला एखादा संपायच्या आत मला झोप लागे. हे तेलामुळे की ऋतू बदलला म्हणून, मला सांगता येणार नाही. दोन्ही मी त्याच काळात घेतले.

अक्का आपले तेल सकाळी मागच्या खोलीत, दार लोटून घ्यायच्या. आतून “आई गं” असा दबका आवाज यायचा, मग थोडी शांतता, मग पुन्हा “आई गं”. मला वाटायचे अंथरुणाच्या घड्या घालत असतील. औषध घेताना त्यांना कुणी बघितलेले आवडत नाही म्हणून मी आत जात नसे. नंतर त्या ओट्यावर येऊन बसायच्या आणि मी विंचरायला घ्यायची. त्यांच्या केसांना मला माझ्या तेलाचाच वास यायचा. आदल्या संध्याकाळचा वास नाकात राहिला असेल असे मी समजले. माणसाला एकदा जे वाटते त्याला धरून ते बाकीचे सगळे बसवून घेते.

एका सकाळी मी कंगवा हातात घेतला तर त्या म्हणाल्या, “आण इकडे.” कंगवा घेतला, उजव्या हाताने, आणि कानाच्या वरपर्यंत नेला. तिथून पुढे डाव्या हाताने कोपराला टेकू दिला. कपाळावर घाम आला होता. अर्धे डोके त्यांनी विंचरले, अर्धे मी. मी आनंदाने काही बोलणार तोच म्हणाल्या, “पोराला सांगू नको. पाडव्याला त्याला दाखवू.”

मी माझ्या केसांबद्दलही इथे थोडे सांगितले पाहिजे. हे गेल्यापासून मी भांग पाडणे सोडले होते. तसे मला कुणी सांगितले नव्हते. टिकली मी लावतच होते, कुणाची काही हरकत नव्हती. पण मी शाळेला निघायचे तेव्हा हे चहाचा कप घेऊन माझ्यामागे उभे राहत आणि आरशात बघून सांगत, “भांग वाकडा पडलाय.” रोज. रंगखात्यातला माणूस, त्यांना कापडावरची रेघ जराही सरकलेली चालत नसे. मी चिडायची, पुन्हा पाडायची. ते गेल्यावर मी आरशासमोर उभी राहिले आणि माझ्या लक्षात आले की आता भांग सरळ की वाकडा हे मला कोणी सांगणार नाही. तेव्हापासून केस सरळ मागे ओढून अंबाडा घालत होते.

पाडव्याला भाचा आला, बरोबर सून. लोचो होताच. गाडी त्याने गल्लीच्या तोंडाशी लावली होती आणि मागच्या सीटवर आईला टेकायला उशी आणली होती. त्याने लोचो संपेपर्यंत विषय काढला नाही, मग हात पुसत म्हणाला, “आई, बघू हात.”

अक्कांनी हात वर केला नाही. त्या माझ्याकडे वळल्या.

“मास्तरीण, बस इथं.”

“मी?”

“मग काय तो बसेल? त्याला केस शेत का?” भाच्याने आपल्या टकलावरून हात फिरवला आणि सून तोंडाला ओढणी लावून हसली.

मी पाटावर बसले, अक्का मागे स्टुलावर. रोजची आमची जागा उलटी झाली होती. त्यांनी माझा अंबाडा सोडला. पहिल्यांदा कंगवा अडखळला. मग तो वर गेला, पार कपाळापर्यंत, आणि मागे आला. पुन्हा वर गेला. त्या हुश्श करत होत्या पण थांबत नव्हत्या. भाचा समोर उभा होता, त्याच्या हातात गाडीची किल्ली होती, आणि मी त्याच्या तोंडाकडे न बघता त्या किल्लीकडे बघत होते. मग कंगव्याचे टोक माझ्या कपाळाच्या मध्यावर टेकले आणि हळूहळू मागे सरकत गेले. अक्का माझा भांग पाडत होत्या. मी त्यांना थांबवले नाही.

भाच्याने मान तिरपी करून पाहिले.

“आई, भांग वाकडा पडलाय,” तो म्हणाला.

मामाचे वाक्य त्याने कधी ऐकले असेल का, मला माहीत नाही. बहुतेक नसावे. वाकडा भांग दिसला की कोणीही तेच म्हणेल. मी खाली मान घालून पदराने डोळे पुसले, आणि तेवढ्यात अक्का म्हणाल्या, “असू दे. तेल घातलं की बसस बरोबर.” त्यांनी पदराची गाठ सोडली, बाटली काढली आणि माझ्या भांगात दोन थेंब टाकले.

“आई!” सून किंचाळली. “अरे, ते काय करता? ते तर जिभेखाली!”

“डोक्याचं तेल जिभेखाली? डोकं फिरलं का तुनं?”

“डोक्याचं कुठे? मी तुम्हाला बोलली ना, भांगचं तेल!”

“मग? भांगातच तर घालते मी रोज. टाळूला थंडावा राहतो, झोप येते.”

मग मला रिक्षा आठवली, पूल आठवला, दार लोटलेल्या खोलीतले “आई गं” आठवले, आणि मी पाटावर बसल्याबसल्या हसायला लागले. हे गेल्यापासून मी इतकी हसले नव्हते. सुनेला समजेना, तिच्या गुजरातीत केसांतल्या रेघेला सेंथो म्हणतात, आणि भांग म्हणजे एकच, प्यायची. मी तिला समजावले. भाच्याने ऐकले आणि तो किल्लीसकट खाली बसला.

अक्कांना हसू यायला वेळ लागला. त्यांना आधी वेगळेच कळले. “म्हणजे ती भांग? होळीची?” त्यांनी बाटली लांब धरली. “न् ही मास्तरीण रोज संध्याकाळी दिवा लावून भांग घेस? माझ्या भावाच्या फोटोसमोर?”

“त्यात नशा नसते हो अक्का.”

“सगळे असंच म्हणतात.”

सुनेने वैद्यांना फोन लावला. त्यांनी सगळे ऐकून घेतले, हसले, आणि विचारले की बेन हे तेल डोक्याला कोणत्या हाताने लावत होत्या. उजव्या. रोज? रोज. “मग रोज हात थोडा थोडा वर गेला ना. भिंतीवर जे करायला सांगतात तेच झालं हे. तेलाचं श्रेय मी घेत नाही.” अक्का पाल व्हायला तयार नव्हत्या, पण भांगात तेल घालायचे तर हात न्यावाच लागतो. पहिल्या दिवशी कोपर खाटेच्या कडेवर टेकवून, डोके खाली वाकवून त्यांनी हाताला गाठले होते. पुढे डोके कमी वाकवले, हात जास्त उचलला. डाव्या हाताने का नाही घातले, असे सुनेने विचारले. अक्कांनी तिच्याकडे असे पाहिले की तो प्रश्न तिने परत घेतला.

भाचा जेवला, शेवभाजी दोनदा घेतली आणि उन्हे कलल्यावर निघाला. कामरेजचे नाव निघाले नाही. दारात थांबून मला म्हणाला, “मामी, उशी गाडीतच आहे. इथंच ठेवू का? आईला ओट्यावर बसायला होईल.” मी म्हटले, ठेव.

ती उशी आता स्टुलावर असते. अक्का आपले केस आपण विंचरतात. तेल अजूनही भांगातच घालतात, जिभेखाली धरायला त्यांचा ठाम नकार आहे, आणि संध्याकाळी मी माझी बाटली काढली की स्वयंपाकघरातून आवाज येतो, “सुरू झालं मास्तरीणबाईचं!” मी तोंडात थेंब धरलेले असतात त्यामुळे उत्तर देता येत नाही. हे त्यांना पुरते ठाऊक आहे.

सकाळी त्यांचे झाले की त्या मला पाटावर बसवतात. खांदा चालता राहावा म्हणून, असे सांगतात. रेघ काही अजून सरळ येत नाही. मी आरशात बघते आणि तशीच राहू देते.